डावीकडचं वाचन

तेरवी होऊन तीन दिवस झाले होते. पाहुणे परतले होते. अवंती बाबांच्या खोलीत बसून त्यांच्या वस्तूंचे ढीग लावत होती: ठेवायच्या, द्यायच्या आणि काय करायचं ते कळत नाही अशा. तिसरा ढीग सर्वांत मोठा झाला होता. त्यात सोडियमचा दिवा होता, लॉग टेबलची तीन पुस्तकं होती आणि काळ्या कापडाखाली झाकलेला, प्रकाशाचे कोन मोजणारा स्पेक्ट्रोमीटर होता. वरोऱ्याच्या कॉलेजने सात वर्षांपूर्वी सगळे प्रयोग पडद्यावर नेले, तेव्हा हा स्पेक्ट्रोमीटर भंगारात निघाला होता. बाबा, शालिकराम डाखोरे, तो सायकलच्या कॅरिअरला बांधून, स्वतः शेजारून चालत, घरी घेऊन आले होते.

सकाळचे दहा वाजले होते आणि बाहेर एकेचाळीस अंश होते. फाटकापाशी स्कूटी थांबली. शेजारच्या खेड्यातली आशा कार्यकर्ती, छबूताई, डोक्याचा दुपट्टा सोडत आत आली. बाबांच्या फोटोला हात जोडून ती भिंतीला टेकून खाली बसली. पाणी प्यायली. भाऊ कसे देवमाणूस होते, शेवटी त्रास झाला नाही हे कसं बरं झालं, हे सगळं बोलून झालं तरी ती उठेना. शेवटी तिने पिशवीतून एक लाल रंगाची, बोटाला लावायची क्लिप काढून जमिनीवर ठेवली.

"मॅडम, वाईट नका मानू," ती म्हणाली. "या महिन्याचा कागद भाऊंनी करून ठेवला होता का?"

अवंतीने क्लिप ओळखली. न ओळखून कसं चालेल? पुण्यातल्या ज्या कंपनीत ती हे उपकरण बनवत होती, तिथे त्याचं नाव 'रुधिरा' होतं. गावोगावच्या बाया त्याला चिमटा म्हणत. बोटाला लावला की दहा सेकंदांत रक्तातलं हिमोग्लोबिन सांगणारा, सुई न टोचणारा चिमटा. राज्यात असे चाळीस हजार चिमटे वाटले गेले होते. अवंती डाखोरे त्याची चाचणीप्रमुख होती.

"कोणता कागद?" तिने विचारलं.

छबूताईने पाकिटातून घडी पडलेला कागद काढला. बाबांचं अक्षर होतं, किंचित मागे झुकलेलं. दोन रकाने. डावीकडे सावलीतलं तापमान, उजवीकडे वजा करायचा आकडा. चाळीसला एक, त्रेचाळीसला दीड, पंचेचाळीसला अडीच. खाली अधोरेखित केलेलं होतं: सकाळी आठच्या आत घेतल्यास वजा करू नये.

"माझाच चिमटा तेवढा खराब निघाला," छबूताई सांगत होती. "मागच्या वर्षी एक पोरगी, सातवा महिना, दिसायला पांढरीफटक अन् हा म्हणे साडेअकरा. म्या भाऊंले दाखवला. भाऊ म्हणाले, तुमच्या मशीनले ऊन बाधते, मी कागद करून देतो. दर महिन्याले पुन्हा तपासून नवा कागद देत. त्या कागदानं माझ्या एकाही बाईचं वाईट झालं नाही." मग आठवण येऊन ती म्हणाली, "माझ्या भाचीच्या गावचा चिमटा नवा कोरा आहे, तरी पाहा. त्यानं अकरा दाखवलं. बाळंतपणात रक्त गेलं तर डॉक्टर म्हणे हिले साडेआठच होतं. चार बाटल्या चढवल्या. वाचली. नशीब, दुसरं काय."

अवंतीने क्लिप हातात घेतली. उद्या या, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

*

बाबांची वही काळ्या कापडाखालीच होती. पहिलं पान नऊ मेचं, गेल्या वर्षीचं.

चिमट्याच्या आत काय घडतं ते अवंतीने कितीतरी लोकांना समजावून सांगितलं होतं. बोटातून आलेला प्रकाश एका बारीक फटीतून जातो आणि ग्रेटिंगवर पडतो. ग्रेटिंग म्हणजे काचेसारखी पातळ पट्टी, जिच्यावर दर मिलिमीटरला सहाशे रेषा कोरलेल्या असतात. प्रत्येक दोन रेषांमधली जागा ही एक फट. प्रकाश फटीतून निघताना पसरतो. हजारो फटींतून पसरलेल्या लाटा एकमेकींना बहुतेक दिशांना मारून टाकतात, आणि एखाद्याच दिशेला सगळ्यांची पावलं जुळतात. ती दिशा रंगावर ठरते. शेजारच्या दोन फटींमधलं अंतर गुणिले कोनाची ज्या (साइन) म्हणजे त्या रंगाची तरंगलांबी: सर्वांत जवळच्या पट्ट्यासाठी गणित इतकंच. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाला, पाचशे एकोणनव्वद नॅनोमीटरला, ही ग्रेटिंग वीस अंश बेचाळीस मिनिटांवर नेऊन ठेवते. कालही, आजही, वरोऱ्यातही आणि चंद्रावरही. म्हणून कोन मोजला की रंग कळतो, आणि कोणता रंग किती शोषला गेला यावरून रक्त कळतं.

अडचण एकच. कोन कशापासून मोजायचा? सरळ जाणाऱ्या प्रकाशापासून. आणि ती सरळ रेषा, शून्याची जागा, जर सरकली, तर सगळे कोन चुकतात. पण ते कसे चुकतात यात एक गंमत आहे. ग्रेटिंग प्रत्येक रंग दोन्हीकडे फेकते, उजवीकडे आणि डावीकडे, सारख्याच कोनात. शून्य अर्धा अंश सरकलं तर उजवीकडचा कोन अर्ध्या अंशाने वाढतो आणि डावीकडचा तेवढाच कमी होतो. दोन्ही वाचले, सरासरी काढली, की चूक आपोआप निघून जाते.

बाबा बी.एस्सी.च्या पोरांना हे त्यांच्या पद्धतीने सांगत. "उजवीकडे प्रकाश जेवढं खोटं बोलते, डावीकडे तेवढंच उलटं बोलते. दोघांचं ऐका."

पोरं ऐकत नसत. दुर्बिणीच्या भिंगाला डोळा लावून उजवीकडची रेषा शोधायलाच अर्धा तास जाई. मग डावीकडचं वाचन न पाहता लिहायचं, कोनाची एक-दोन मिनिटं इकडेतिकडे करून, म्हणजे खरं वाटेल. विज्ञान शाखेतल्या प्रत्येकाने कधी ना कधी हे केलेलं असतं. बाबा काही बोलत नसत. जर्नल तपासून सही करायचा अधिकार प्राध्यापकांना, त्यांना नव्हता. ते फक्त न पाहता लिहिलेल्या आकड्याशेजारी पेन्सिलने एक बारीक ठिपका देत. दुसऱ्या वर्षाला अवंतीच्या जर्नलमध्येही सहा ठिपके पडले होते. घरी आल्यावर तिने चिडून विचारलं होतं, कशावरून. बाबा भाजी निवडत होते. "माणूस मनानं लिहितो तवा दोन आकडे एकसारखे नाही ठेवत," ते म्हणाले होते, "पण लांबही जायची हिंमत नाही करत. खरं वाचन कधी कधी लांब जाते, बेटा."

वहीत बाबांनी छबूताईचा चिमटा सोडियमच्या दिव्यासमोर धरला होता. सकाळी साडेसातला, एकतीस अंशांना, चिमट्याच्या तपासणी-पडद्यावर पाचशे नव्वद. दुपारी तीनला, सेहेचाळीसला, सहाशे दोन. मग त्यांनी आवरण उघडून आतली प्लॅस्टिकची चौकट स्पेक्ट्रोमीटरवर बसवली होती, शेजारी बल्ब लावून ती तापवली होती आणि दोन्ही बाजू वाचल्या होत्या. उजवीकडे एकवीस अंश बारा मिनिटं. डावीकडे वीस अंश बारा मिनिटं. सरासरी: वीस अंश बेचाळीस. प्रकाश बरोबर होता. चौकट उन्हाने वाकत होती आणि शून्याला अर्धा अंश सरकवत होती.

अर्धा अंश म्हणजे जवळपास तेरा नॅनोमीटर. एरवी कोणाला फरक पडला नसता. पण रक्ताचा लाल रंग सहाशेच्या आसपास कड्यासारखा तुटतो. तिथे तेरा नॅनोमीटरने पाऊल चुकलं, तर फिकट रक्तही दाट दिसतं.

वहीत पुढे वीस बायांची नावं होती, चिमट्याचा आकडा आणि ग्रामीण रुग्णालयातल्या रक्ततपासणीचा आकडा. त्यातून तो तक्ता निघाला होता. आणि त्यानंतर, नीट दुमडून ठेवलेली, संकेतस्थळावरून छापून घेतलेली चार पानं होती, कोपऱ्यात बाबांच्या अक्षरात तारीख: नऊ मे. 'रुधिरा: उष्णता चाचणी अहवाल.' चाळीस नग, पंचेचाळीस अंश, उजवीकडचं वाचन, डावीकडचं वाचन. खाली तिची सही.

डावीकडच्या रकान्यात प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलचा ठिपका होता.

तिने ते मोजले. एकही सुटला नव्हता.

*

चाचणीच्या तापवलेल्या पेटीत प्रत्येक नग चार तास ठेवायचा होता. उजवीकडची रेषा सॉफ्टवेअर पेटीतल्या ओळखीच्या दिव्यावरून आपोआप जागेवर आणून बसवत असे, त्यामुळे पेटीत उजवीकडे सगळं छानच दिसायचं; गावात असा दिवा नसतो. चूक दिसली असती तर फक्त डावीकडे, आणि तिथे दोन्हीकडची मिळून पूर्ण एक अंशाची दिसली असती. पण डावीकडे चिमट्यात सेन्सरच नव्हता. तिथलं वाचायला प्रत्येक नग उघडून, चौकट फिरवून, डोळ्याने बघावं लागलं असतं. चिमट्याचं उद्घाटन नऊ दिवसांवर होतं. तिने दोन दिवस नग तापवले, उजवीकडची चाळीस वाचनं घेतली, आणि तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता डावीकडचा रकाना भरून टाकला. एक मिनिट इकडे, दोन मिनिटं तिकडे. हात सरावलेला होता.

उद्घाटनाला बाबा आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. संचालक साने यांनी त्यांना प्रेमाने विचारलं, "सर, आपण फिजिक्स शिकवता ना? अवंती म्हणत होती." ती तसं म्हणाली होती खरी. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मी शिकवत नाही. मी मांडून ठेवतो. लॅब असिस्टंट." अवंतीचे कान तापले. त्या वेळी तिला बापाची लाज वाटली होती, हे आज या खोलीत तिला आठवायचं नव्हतं, पण आठवत होतं, पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवरच्या विरलेल्या कडेसकट.

मग बाबांनी चिमटा हातात घेऊन, उलटापालटा करून विचारलं होतं, "याच्यात डावीकडचं कोण पाहते?"

"बाबा, ते आता सॉफ्टवेअर करतं," ती म्हणाली. आजूबाजूचे दोघंतिघं हसले. बाबाही हसले आणि चिमटा त्यांनी जिथून उचलला होता तिथेच, त्याच कोनात, परत ठेवला.

आणि गेल्या वर्षी बारा मेला फोन. दुपारची वेळ, ती बैठकीतून बाहेर आली होती. ऊन किती आहे, जेवलीस का, हे झाल्यावर बाबा म्हणाले, "बेटा, त्या मशीनचं डावीकडचं तू स्वतः पाहिलं होतं ना?"

"हो बाबा, पाहिलं."

मग, "बरं. जेवून घे."

फोनच्या तीन दिवस आधीच ठिपके देऊन झालेले होते. त्या चार पानांवरची तारीख तेच सांगत होती. माहीत असून त्यांनी विचारलं होतं. तिने सांगावं म्हणून विचारलं होतं.

वहीच्या शेवटी तीन पत्रांची सुरुवात होती, उपकरण तपासणी मंडळाला उद्देशून. तिन्ही एकाच वाक्यापाशी थांबली होती. 'सदर चाचणी करणाऱ्या अधिकारी श्रीमती' इथवर येऊन पेन उचललं गेलं होतं. तिसऱ्या पत्रात 'अ' काढलेला होता आणि तो खोडला होता.

*

तिने आधी सानेंना फोन केला. काय घडलं ते सांगितलं, स्वतःचं काहीही न लपवता. साने रागावले नाहीत, हेच कठीण होतं. त्यांनी शांतपणे दोन-चार प्रश्न विचारले. मग म्हणाले की घाबरण्यासारखं काही नाही. चिमट्यात तापमान मोजायची सोय आहेच, नवं सॉफ्टवेअर पाठवू, ते उन्हाप्रमाणे आकडा आपोआप कमी करेल. दोन आठवड्यांचं काम. कोणाला काही सांगायची गरज नाही.

"तुझ्या वडिलांचा तक्ता उत्तम आहे," ते म्हणाले. "तोच वापरू. डाखोरे दुरुस्ती असं नाव देऊ त्याला. त्यांचं नाव राहील, अवंती."

फोन ठेवल्यावर तिच्या मनात ते दोन शब्द घोळत राहिले. डाखोरे दुरुस्ती. बाबांच्या नावाने काही राहावं असं तिला गेले सोळा दिवस सतत वाटत होतं, आणि कोणीतरी ते ताटात वाढून समोर ठेवलं होतं. शिवाय वही उघडी केली, तर एकट्या तिचंच नाव जाणार नव्हतं. वर्षभर माहीत असून गप्प बसलेला माणूस म्हणून बाबांचंही जाणार होतं. फोटोतल्या माणसाला उत्तर देता येत नाही. मग त्याला प्रश्नांसमोर उभं कसं करायचं?

दुपारी तिने खिडकीला काळं कापड लावलं आणि आपल्या बॅगेतले दोन नमुना-चिमटे उघडून बल्बने तापवले. दिवा गरम होऊन गुलाबीचा पिवळा व्हायला दहा मिनिटं लागली. दुर्बिणीच्या भिंगावर बाबांच्या डोक्याच्या तेलाचा किंचित डाग होता. तो तिने पुसला नाही. पहिला नग: शून्य अर्ध्या अंशाने सरकलेलं. दुसरा नग, त्याच उष्णतेत: पाव अंशाने, आणि उलट बाजूला. तिने तीनदा पाहिलं. प्रत्येक चौकट आपापल्या तऱ्हेने वाकत होती. बाबांचा तक्ता फक्त छबूताईच्या चिमट्याचा होता. म्हणून तर ते दर महिन्याला तो पुन्हा तपासत होते. तोच चाळीस हजारांना लावला असता, तर कुठे चूक झाकली गेली असती आणि कुठे दुप्पट झाली असती.

आणि ज्या बायांना दोन उन्हाळे 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवलं होतं, त्यांना कोणतं सॉफ्टवेअर परत बोलावणार होतं?

*

छबूताई दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच आली, ऊन व्हायच्या आत. कागद तयार असेल असं धरूनच आली होती. अवंतीने तिला खुर्ची दिली; ती सवयीने खालीच बसली. मग अवंतीही तिच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "ताई, तुमचा चिमटा एकटाच खराब नाही. सगळे तसेच आहेत."

तिने सगळं सांगितलं, स्वतः न पाहता भरलेल्या रकान्यासकट. ग्रेटिंग आणि अंश छबूताईला कळले नसतील, पण न पाहता लिहिलेला रकाना तिला लगेच कळला. तिच्याही कामात रकाने होते, आणि ते घरोघरी न जाता भरणाऱ्या बाया तिला माहीत होत्या. भाचीचा विषय तिने स्वतः काढला नाही. फक्त अवंतीने परत दिलेली क्लिप जमिनीवर ठेवली, जरा लांब.

"भाऊंले हे माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मग कागद माझ्याच चिमट्याचा काहून केला?"

छबूताईने वर, फोटोकडे पाहिलं, आणि नजर खाली आणली ती थेट अवंतीवर. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"तुमच्यासाठी," ती स्वतःच म्हणाली. पदराने तोंड पुसून उठली. दारात चपला घालताना म्हणाली, "माझ्या पाच बाया या महिन्यात मोकळ्या व्हायच्या आहेत. म्या आता कोणता आकडा धरू?"

"कोणताच नाही. सुईनं रक्त तपासा. आजच. इतर गावांनाही मी आजच कळवते."

स्कूटीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

उपकरण तपासणी मंडळाचा दोष-सूचना अर्ज मराठीतच होता, पडद्यावर, एकाखाली एक चौकटी. तिने उपकरणाचं नाव भरलं, दोष लिहिला, आपली कालची वाचनं जोडली, दोन्ही बाजूंची. बाबांची वही पानोपान फोटो काढून जोडली. तीन अर्धी पत्रंही, त्यातल्या खोडलेल्या 'अ'सकट. शेवटी ठिपक्यांची चार पानंही जोडली.

दोष प्रथम कोणाच्या लक्षात आला? शालिकराम डाखोरे.

हुद्दा? तिने लिहिलं: प्रयोगशाळा सहायक.

त्यांनी तो कोणास व केव्हा कळवला?

या चौकटीपाशी ती थांबली. कोणालाच नाही, असं लिहिलं असतं तर ते कागदोपत्री खरं ठरलं असतं, आणि बाबा कायमचे त्या चौकटीत अडकले असते. तिला फोनवरचं ते 'बरं. जेवून घे.' पुन्हा ऐकू आलं. मग तिने लिहिलं: मला. बारा मे, दुपारी, दूरध्वनीवरून.

पुढची चौकट सर्वांत मोठी होती, दहा-बारा ओळी मावतील एवढी. त्यावर आपण काय केले?

बाहेर ऊन चढत होतं. अवंतीने खिडकीवरचं काळं कापड काढून त्याची घडी घातली, परत येऊन बसली, आणि त्या मोठ्या चौकटीत तीन शब्द लिहिले.

मी खोटं बोलले.